सुप्पारक, शूर्पारक, सोपारा : ऊष्म वर्णांच्या इतिहासातील एक प्रकरण

पश्चिम रेल्वेच्या नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेस तुळिंज आहे, तर पश्चिमेस प्राचीन सोपारा. पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडणारा हा सारा प्रदेश २०१४ पासून पालघर जिल्ह्यात समाविष्ट आहे. तुळिंजच्या दाट वसाहतीतील उपासक-उपासिका रुळांपलीकडे जाऊन ज्या स्तूपाला वंदन करतात, त्याचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. त्या वेळी निघालेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे, सोन्याची फुले, मैत्रेयासह आठ बुद्धांच्या धातुमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे रौप्य नाणे यांविषयी आमच्या वाचकांनी पुष्कळ वाचले असेल. प्रस्तुत लेखात आम्ही स्तूपाकडे वळणार नाही. गावाच्या नावातील पहिल्या अक्षराविषयी आम्हांस लिहावयाचे आहे. हे अक्षर कोठे 'स' आहे, कोठे 'श' आहे, आणि या फरकाने दोन हजार वर्षांत माणसांची प्रतिष्ठा ठरविली आहे.

प्रथम वर्णांचे स्वरूप पाहू. क, त, प यांसारख्या स्पर्श वर्णांत तोंडातील हवेची वाट क्षणभर पूर्ण बंद होते आणि मग उघडते. श, ष, स, ह हे वर्ण उच्चारताना वाट पूर्ण बंद होत नाही. एक अरुंद फट राहते व तीतून हवा घासत बाहेर पडते. म्हणून श्वास पुरेल तोवर 'स्‌' लांबविता येतो, 'त्‌' लांबविता येत नाही. प्राचीन शिक्षाकारांनी या वर्णांना 'ऊष्म' म्हटले. ऊष्मन् म्हणजे उष्णता, वाफ. तोंडासमोर तळहात धरून 'स्‌' म्हटल्यास हे नाव किती नेमके आहे ते कळते. ऋक्‌प्रातिशाख्यात तर विसर्ग, जिह्वामूलीय, उपध्मानीय व अनुस्वार धरून आठ ऊष्म मोजले आहेत. तालूजवळ 'श', जीभ मागे वळवून 'ष', दातांजवळ 'स' असा त्यांतील तिघांचा भेद. या तीन जागा एकमेकींना इतक्या लगटून आहेत की जीभ थोडी पुढेमागे झाली तरी एक ध्वनी दुसऱ्यासारखा ऐकू येतो. जगातील अनेक भाषांत हे वर्ण परस्परांत मिसळतात, ते यामुळेच. त्याही पुढची पायरी म्हणजे तोंडातील फट सैल होणे. मग केवळ कंठातील श्वास उरतो आणि 'स'चा 'ह' होतो. सिंधूचे इराणी मुखात हिंदू झाले ते असे. गुजरातीच्या बोलींत सातला 'हात' म्हणणारे लोक आजही आहेत.

पाली भाषेने या तिघांपैकी एकच ठेवला. कच्चायनाने पालीचे एक्केचाळीस वर्ण सांगितले, त्यांत ऊष्म म्हणावेत असे 'स' आणि 'ह' एवढेच आहेत. शील, श्रमण, शरण यांचे सील, समण, सरण होते. दोष व द्वेष यांचे दोस होते. ही घटना पालीपुरती नाही. मध्यदेशापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंतच्या बोलींत ती घडलेली होती. आणि तिचा सर्वांत भरवशाचा पुरावा ग्रंथांत शोधावा लागत नाही. तो दगडावर आहे, आणि त्याचा एक तुकडा सोपाऱ्याचा आहे.

सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्याचा एक भंगलेला अंश भगवानलालांना १८८२ मध्येच सोपाऱ्यात मिळाला. पुढे १९५६ साली एन. ए. गोरे यांना वसई तालुक्यातील भुईगाव येथे नवव्या लेखाचा अंश सापडला. (बाबासाहेबांनी नागपुरास धम्मदीक्षा घेतली, तेही वर्ष हेच.) आठवा लेख धम्मयात्रेचा आहे. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रेला निघत. अभिषेकास दहा वर्षे झाल्यावर देवानंपिय प्रियदर्शी संबोधीस गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, हा त्याचा आशय. सोपाऱ्याची शिळा फार झिजलेली व तुटलेली आहे, म्हणून तुलनेसाठी त्याच लेखाच्या इतर ठिकाणच्या प्रती घेऊ.

'दहा वर्षांपूर्वी अभिषिक्त झालेला' या अर्थाचा एकच समास पाहावा. संस्कृतात तो 'दशवर्षाभिषिक्त' असा होईल. सौराष्ट्रातील गिरनारच्या प्रतीत तो 'दसवसाभिसितो' आहे. वायव्येकडील शाहबाजगढीच्या खरोष्ठी प्रतीत 'दशवषभिसितो' आहे. गिरनारकडे एकच 'स', शाहबाजगढीकडे श, ष, स तिन्ही, तेही बहुतांशी आपापल्या जागी. बहुतांशी म्हणण्याचे कारण 'अभिसितो'. अभिषिक्त शब्दातील 'ष' मूळचा नाही. धातू सिच् आहे, आणि 'अभि' या उपसर्गामुळे संस्कृतात त्याचा 'ष' होतो. वायव्येच्या लोकांनी हा संधिनियम येथे मानलेला दिसत नाही. त्यांच्या जिभेवर तीन ऊष्म जिवंत होते, पण ते पंडितांच्या वहीतून आलेले नव्हते, एवढे यावरून निश्चित होते. 'दर्शन' या शब्दाचेही तसेच : गिरनारला दसण, शाहबाजगढीला द्रशन. सोपाऱ्याची शिळा या बाबतीत गिरनारच्या पंक्तीत बसते. तिच्यावर एकच 'स' आहे.

मौज आहे ती कालसीची. देहरादूनजवळच्या या शिळेवर पहिल्या नऊ लेखांत साधारणपणे 'स' दिसतो. दहाव्यापासून मात्र श आणि ष यांची चिन्हे अकस्मात अवतरतात आणि तीही भलत्या जागी. तेराव्या, कलिंगयुद्धाच्या लेखात 'देवानंपियष पियदषिने' असे शब्द आहेत. पहिल्या शब्दाच्या शेवटी संस्कृत 'स्य' आहे, दुसऱ्यात 'श' आहे; येथे दोहोंच्या जागी 'ष'. ज्याने हे लिहिले त्याला तीन चिन्हे ठाऊक होती, पण कानाला तीन ध्वनी ऐकू येत नव्हते, असाच याचा अर्थ लावावा लागतो. वायव्येच्या लेखनपद्धतीची ओळख असलेला एखादा लिपिकर त्या कामावर आला असावा. असे लिपिकर दूरवर फिरत, हे कर्नाटकातील ब्रह्मगिरीच्या लेखावरून कळते. तेथे चपड नावाच्या लेखकाने आपल्या नावापुढील 'लिपिकर' हा शब्द खरोष्ठीत कोरला आहे. अशोकाने चौदाव्या लेखात लिपिकराच्या अपराधाचा उल्लेख स्वतःच केला आहे. राजाला आपल्या कारकुनांची पारख होती.

पूर्वेकडे आणखी निराळा प्रकार. छत्तीसगढमधील रामगढ टेकडीवर जोगीमारा गुहेत 'शुतनुका' या 'देवदशिक्यि'चा, म्हणजे सुतनुका नावाच्या देवदासीचा, लेख आहे. तेथे सर्वत्र 'श'. वैयाकरणांनी मागधीचे हेच लक्षण सांगितले आहे : ष आणि स यांच्या जागी श. परंतु अशोकाच्या धौली व जौगड येथील पूर्वेकडच्या प्रतींत 'र'चा 'ल' झालेला असूनही 'श' नाही, 'स'च आहे. राजधानीचा राजमान्य उच्चार आणि मगधातील जनसामान्यांचा उच्चार यांत अंतर होते की काय, हा प्रश्न येथे उभा राहतो. पालीला परंपरेने 'मागधी' म्हटले, तरी तिचा 'स' आणि तिचा 'र' पश्चिमेकडे बोट दाखवितात. आम्ही पालीचे अभ्यासक असल्याने हे सांगण्यास संकोचत नाही. तथागतांचे वचन प्रदेशाप्रदेशांतून वाहत गेले आणि वाटेत त्या त्या प्रदेशाचा उच्चार घेत गेले, ही गोष्ट धम्माला कमीपणा आणणारी मुळीच नाही.

उलट तीच तथागतांची आज्ञा होती. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात यमेळु व तेकुल या दोन ब्राह्मणकुलोत्पन्न भिक्खूंची कथा आहे. नाना गोत्रांचे, नाना जातींचे लोक संघात येऊन बुद्धवचन आपापल्या बोलीने दूषित करतात, म्हणून ते छंदसात घालावे, अशी अनुज्ञा त्यांनी मागितली. भगवंतांनी त्यांना दोष दिला, तसे करणे हा आपत्तीचा विषय ठरविला आणि स्वतःच्या निरुत्तीने बुद्धवचन शिकण्यास अनुज्ञा दिली. 'स्वतःच्या' म्हणजे कोणाच्या, भगवंतांच्या की शिकणाऱ्याच्या, यावर बुद्धघोषाचार्यांपासून वाद आहे. बुद्धघोषाचार्यांनी पहिला अर्थ घेतला. तक्रारीचे स्वरूप लक्षात घेता आम्हांस दुसरा अर्थ सरळ वाटतो, कारण तक्रार शिकणाऱ्यांच्या बोलीविषयीच होती. मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्तात भगवंतांनी एका भांड्याला देशोदेशी असलेली पाती, पत्त, वित्थ, सराव अशी नावे सांगून, एकाच नावाचा हट्ट धरू नये असे म्हटले आहे. त्यांतील 'सराव' हा शब्द संस्कृतात 'शराव' आहे.

याचा अर्थ संघ उच्चाराविषयी बेफिकीर होता असा कोणी घेऊ नये. कम्मवाचेच्या पठणात शिथिल आणि धनित, म्हणजे अल्पप्राण आणि महाप्राण, यांची अदलाबदल झाली तर ते कर्म बिघडते, असे अट्ठकथा सांगते. 'सुणातु' म्हणावयाचे तेथे 'सुणाथु' म्हटलेले चालत नाही. जो भेद भाषेत जिवंत आहे तो पाळलाच पाहिजे. श आणि स यांचा भेद त्या भाषेत नव्हताच, म्हणून त्याविषयी नियमही नाही.

ब्राह्मणी परंपरेत मात्र हा भेद राखणे हे शिष्टतेचे लक्षण झाले. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी वर्णांचा उपदेश कशासाठी, याचे एक कारण दिले आहे : 'शश'ला कोणी 'षष' म्हणू नये, 'पलाश'ला 'पलाष' म्हणू नये. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील हे विधान अशोकाच्या लेखांशेजारी ठेवून वाचावे. लोक चुकत नसते तर असे सांगण्याची गरज पडली नसती. पुढे संस्कृत नाटकांनी हा भेद रंगभूमीवर नेला. राजा व ब्राह्मण संस्कृत बोलतात, खालच्या पात्रांच्या तोंडी मागधी येते. मृच्छकटिकातील दुष्ट व हास्यास्पद शकार हा सगळीकडे 'श' वापरतो, आणि त्याच्या नावाचा एक अर्थ याच अक्षराकडे नेतो. प्रेक्षकाने पात्र तोंड उघडताच त्याची पायरी ओळखावी, अशी ही योजना आहे.

आता पुन्हा सोपाऱ्याकडे वळू. उदान ग्रंथात बाहिय दारुचीरिय हा समुद्रतीरी सुप्पारकास राहत होता असे सांगितले आहे. जातकांत सुप्पारक नावाच्या अंध निर्यामकाची कथा आहे. महाभारतात हेच नाव शूर्पारक असे येते. ग्रीक भूगोलवेत्त्यांनी 'सुप्पारा', 'सूपारा' असे लिहिले. अरब प्रवाशांजवळ 'प' नसल्याने त्यांनी 'सुबारा' केले. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याला कोणाची प्रतिष्ठा राखावयाची नसते. बंदरावर जे ऐकू येई ते तो लिही, आणि त्याला 'स' ऐकू आला.

कार्ले येथील चैत्यगृहात एका स्तंभाचे दान सोपाऱ्याच्या माणसाने दिले आहे. धम्मुत्तरीय भिक्खूंचा भाणक सातिमित. लेखात गावाचे नाव 'सोपारक' असे कोरले आहे. भाणक म्हणजे बुद्धवचन मुखोद्गत करून त्याचे पठण करणारा. ज्याचे सारे जीवन उच्चारावर उभे आहे असा मनुष्य. त्याच्या स्वतःच्या नावातील 'स्वाति'चे 'साति' झाले आहे आणि 'मित्र'चे 'मित'. त्यास यात काही उणे वाटले नाही.

दुसरीकडे नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. तो संस्कृतमिश्रित आहे. त्यात भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन यांच्याबरोबर 'शोर्पारग' येथे त्याने बांधलेल्या निवासस्थानांचा उल्लेख येतो. हा 'शोर्पारग' शब्द आम्हांस फार बोलका वाटतो. त्यातील 'श' आणि 'र्प' संस्कृताचे आहेत. पण 'ओ' हा स्वर आणि शेवटचा 'ग' बोलीचे आहेत. शुद्ध संस्कृत लिहिले असते तर 'शूर्पारके' आले असते. म्हणजे लेखकाच्या कानात 'सोपारग' होते आणि हातात संस्कृताचे वळण होते. त्याने बोललेल्या नावावर संस्कृताचा मुलामा दिला, तो पुरता बसला नाही. याच दात्याचे नाव कार्ल्याच्या लेखात 'उसभदात' असे आहे. मनुष्य एक, नाशिकला त्याच्या नावात ष, कार्ल्याला स. नाशिकला त्याचे कुल 'क्षहरात', कार्ल्याला 'खहरात'. संस्कृत लेखनाची हौस पश्चिम भारतात प्रथम दाखविली ती या शक राजघराण्यांनी, ज्यांची स्वतःची भाषा संस्कृत नव्हती. त्यांच्या घरच्या भाषेत एक घोष ऊष्म होता, इंग्रजीतील 'झेड'सारखा. ब्राह्मीत त्यासाठी चिन्ह नसल्याने 'य' आणि 'स' जोडून तो लिहीत. चष्टनाच्या पित्याचे नाव 'य्सामोतिक' असे दिसते ते यामुळे. ध्वनी बाहेरचा आला की लिपी कशी अडखळते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

शूर्प म्हणजे धान्य पाखडण्याचे सूप. पालीत सुप्प, मराठीत सूप. स्तूपाच्या टेकाडाला गावकरी 'बुरूड राजाचा कोट' म्हणत आले आहेत. सूप विणणे हा बुरुडाचा व्यवसाय. गावाच्या नावातील सूप लोकांनी ओळखले आणि त्यातून बुरूड राजा निर्माण झाला, असा आमचा तर्क आहे. तर्कच आहे, पण पंडितांना 'शूर्प' आठवला तेव्हा लोकांना 'सूप' विसरले नव्हते, एवढे तो सुचवितो.

मराठीने हा वारसा कसा सांभाळला ते पाहणे मनोरंजक आहे. श्वशुर, श्वश्रू, शुष्क, शुण्ठी, षष्टि, षोडश, केश, महिषी यांचे सासरा, सासू, सुका, सुंठ, साठ, सोळा, केस, म्हैस झाले. सर्व ऊष्मांचा 'स'. वसईच्या खाडीपलीकडील बेटाचे नाव जुन्या लेखांत 'षट्षष्टि' आहे. सहासष्ट गावांचा हा प्रदेश लोकांच्या तोंडी साष्टी झाला. मात्र पुढे इ, ए किंवा य आला की मराठीत हाच 'स' तालूकडे सरकतो आणि 'श' होतो. जीभ पुढच्या स्वरासाठी आधीच तालूपाशी पोहोचलेली असते. म्हणून सिन्दूरचे शेंदूर, सिव् धातूचे शिवणे, सीमाचे शीव. मुंबईतील शीव हे स्थानक म्हणजे सीमा. तेथे संस्कृतात 'स' आहे आणि मराठीत 'श'. हा नियम आजही काम करतो : मासा पण माशाचा, ससा पण सशाचा, पैसा पण पैशाचा. या सामान्यरूपांत पूर्वी 'य' होता. फ्रेंच विद्वान झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात या नियमाची चर्चा केली आहे, वा. गो. परांजपे यांनी १९४१ मध्ये त्याचा मराठी अनुवाद प्रसिद्ध केला.

येथे आम्हांस एका जुन्या दुखण्याविषयी लिहिणे भाग आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेले मूल 'शाळा'ला 'साळा' म्हणते आणि वर्ग हसतो. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी हे हसू ऐकले असेल. पण तेच मूल 'शेत', 'शेण', 'शिवार' हे शब्द 'श'नेच उच्चारते. म्हणजे त्याच्या जिभेला 'श' येत नाही असे नाही. आ-पूर्वी स, इ-ए-पूर्वी श हा मराठीचा स्वतःचा नियम ते बिनचूक पाळत असते. 'शाळा' हा शब्द संस्कृतातून मागाहून उचललेला आहे, तर 'साळ' परंपरेने आलेला आहे. हसणारेही 'टांकसाळ' म्हणतात, 'टांकशाळ' म्हणत नाहीत. शिवाय तेच लोक 'ष' लिहितात आणि 'श' बोलतात. पतंजलीच्या कसोटीने तेही नापासच. कोणता दोष हसण्याजोगा आणि कोणता डोळेझाक करण्याजोगा, हे ध्वनिशास्त्र ठरवीत नाही. बोलणाऱ्याची जात ठरविते.

बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकू दिले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली, हे सर्वविदित आहे. त्याच बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात पालीचे व्याकरण आणि शब्दकोश सिद्ध करण्याचे परिश्रम घेतले. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांचा सोळावा खंड म्हणून हे साहित्य १९९८ साली प्रसिद्ध केले. त्या खंडात धम्माचे शब्द 'स'ने लिहिलेले वाचताना आम्हांस नेहमी ती हसणारी वर्गखोली आठवते.

ऊष्म एकरूप झाल्याने पालीचे काही नुकसानही झाले, ते लपविण्याचे कारण नाही. 'सत्त' हा शब्द सात या अर्थी आहे, प्राणी या अर्थी आहे, आसक्त या अर्थीही आहे आणि 'शप्त' याही अर्थी येतो. 'सर' म्हणजे बाण, स्वर किंवा तळे. 'सम' आणि 'शम' एकत्र झाले. याच्या जोडीला जोडाक्षरे मोडली, तेव्हा संदिग्धता आणखी वाढली. 'सुत्त' म्हणजे सूत्र की सूक्त, 'बोधिसत्त' म्हणजे बोधिसत्त्व की बोधीविषयी आसक्त असलेला, हे वाद विद्वानांत अद्याप चालू आहेत. संस्कृतात लिहिणाऱ्या बौद्ध आचार्यांना प्रत्येक ठिकाणी एक पर्याय निवडावा लागला, आणि निवडलेला पर्याय पुढे मूळ म्हणून मानला गेला.

ऊष्माचा आणखी एक स्वभाव पालीत ठळक दिसतो. स्पर्शाशेजारी आला की तो स्वतः लोपतो, पण आपला श्वास त्याला देऊन जातो. हस्तचे हत्थ, अष्टचे अट्ठ, स्कन्धचे खन्ध, स्तूपचे थूप. अनुनासिकाशेजारी आला की मागे सरून 'ह' होतो : तृष्णाची तण्हा, प्रश्नाचा पञ्ह, ग्रीष्माचा गिम्ह, कृष्णाचा कण्ह. मराठीत न्हाणे आहे ते स्नानातून. आणि वैदिक 'अस्मे'तून पालीचे 'अम्हे', त्यातून मराठीचे 'आम्ही'. आम्ही हा लेख ज्या सर्वनामाने लिहीत आहोत, त्यातील 'ह' म्हणजे एका जुन्या 'स'चा उरलेला श्वास आहे. 'तुम्ही'मधील 'ह' हा तसाच 'ष'चा.

विहारात वंदना घेताना 'बुद्धं सरणं' म्हणावे की 'शरणं', 'सील' म्हणावे की 'शील', असे आम्हांस वारंवार विचारले जाते. पाली पाठात 'सरणं', 'सीलं', 'सिक्खापदं' हेच उच्चार आहेत आणि पठणात तेच ठेवावेत. मराठीत बोलताना 'शरण' आणि 'पंचशील' रूढ आहेत, ते तसे बोलण्यास हरकत नाही. 'सिक्खापदं' म्हणताना मराठी माणसाची जीभ पुढील इ-कारामुळे सहज 'शि'कडे वळते. तेथे थोडे लक्ष द्यावे लागते. मुलांना शिकविताना जिभेचे टोक दातांमागे ठेवण्यास सांगावे, म्हणजे दोन-चार दिवसांत जमते. मात्र एखाद्या वृद्ध उपासिकेचे 'शिक्खापदं' ऐकून कोणी तिला मध्येच थांबवू नये.